तलवारीच्या टोकाचे अक्षर आणि पानशेतची पाटी

१/
खडकवासल्यावरून पानशेतकडे जाणारा रस्ता हे मराठी अक्षरांचे एक उघडे संग्रहालय आहे. हॉटेले, नौकाविहार, तंबूंची मुक्कामस्थळे आणि गडांकडे नेणारे बाण यांच्या पाट्यांवर एकच अक्षरशैली पुन्हा पुन्हा दिसते. दंड जाडजूड, वळणे केसासारखी बारीक आणि टोके तलवारीच्या पात्यासारखी निमुळती. वाचणाऱ्याला वाटते, हे शिवकालीन अक्षर. या थ्रेडमध्ये माझे म्हणणे असे की हे अक्षर शिवकालीन नाही. आणि ते तसे समजले गेल्याने आपल्या इतिहासाचे नुकसान होत आहे.

२/
विषय फॉन्टचा आहे, म्हणून इतिहासाच्या वाचकांनी कंटाळू नये. नाण्याचा धातू, कागदाचा पोत, शिक्क्याची जागा यांवरून आपण कागदाचा खरेखोटेपणा ठरवतो. अक्षराचे वळण हाही तसाच पुरावा आहे. मोडीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की वळण पाहून कागदाच्या काळाचा अंदाज बांधता येतो. मग आपण स्वतः तयार करत असलेल्या फलकांना, पोस्टरांना आणि पोस्टना ही कसोटी का लावू नये?

३/
आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. रोमन छापील अक्षरांच्या टोकांशी जे छोटे आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ते नसतील तर अक्षर सॅन्स सेरिफ. दुसरा शब्द कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरातला जाड-बारीकपणा. एकाच अक्षराची एक रेघ रुंद आणि दुसरी नाजूक असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असतील तर तो जवळजवळ नाहीच.

४/
युरोपात या दोन गुणांची जोडी फार काळ ठरलेली होती. जाड-बारीकपणा आणि सेरिफ बहुधा बरोबरच येत. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनने १८१६ मध्ये आपल्या नमुनापुस्तकात पहिला सेरिफरहित रोमन टाइप दाखवला, तो जवळजवळ एकसारख्या जाडीचा. पुढची शंभर वर्षे सॅन्स म्हणजे बहुतांशी सपाट, कारखानी अक्षर असाच समज राहिला. पाय काढून टाकायचे पण जाड-बारीकपणा ठेवायचा, हा प्रयोग तिथे तुरळकच झाला. पॅरिसमधला १९३७ चा पेन्यो हा त्यांपैकी एक गाजलेला.

५/
या जातीचा सर्वांत प्रसिद्ध टाइप म्हणजे ऑप्टिमा. जर्मन अक्षरकार हर्मान झाप्फ १९५० मध्ये फ्लॉरेन्सला गेले होते. सांता क्रोचे चर्चच्या फरशीतील थडग्यांवर त्यांना सेरिफ नसलेली, तरीही टोकांकडे हलकी रुंदावत जाणारी अक्षरे दिसली. जवळ कागद नव्हता, म्हणून त्यांनी हजार लिरांच्या नोटेवर रेखाटन केले. त्यातून घडलेला टाइप १९५८ मध्ये बाजारात आला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावरील अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे आणि न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या स्मारकावरील नावे याच अक्षरात आहेत. अत्तराच्या बाटल्यांवर आणि प्रसाधनांच्या वेष्टनांवरही हाच टाइप आणि त्याचे भाऊबंद दिसतात.

६/
थडग्यावरून उचललेले अक्षर स्मारकावर शोभले, यात नवल नाही. नवल वाटावे अशी गोष्ट आपल्याकडे आहे. युरोपला जे विसाव्या शतकात प्रयोग करून साधावे लागले, ते देवनागरीत मुळातच होते. देवनागरीला रोमन अर्थाने सेरिफ कधी नव्हतेच. शिरोरेषा हा अक्षराचा कणा आहे, टोकाची सजावट नव्हे. आणि बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीकपणा जन्मजात असतो.

७/
बोरू हा वेताचा किंवा बांबूचा तुकडा. त्याचे टोक तिरपे तासतात. टोकाची रुंदी ठरलेली, हात फिरतो तशी रेघ रुंद किंवा बारीक उमटते. देवनागरीसाठी बोरूची तासणी रोमन लेखणीच्या उलट दिशेने असते, म्हणून आपल्या अक्षरांत जाडीचा कलही रोमनच्या उलट पडतो. रोमन फॉन्टाची जाड-बारीक रचना जशीच्या तशी देवनागरीवर चढवली की अक्षर आजारी दिसू लागते, त्याचे कारण हेच. डोळ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही.

८/
मग प्रश्न असा, की हे डौलदार जाड-बारीक अक्षर इतिहासात राहत कुठे होते? उत्तर आहे: पोथीत. धर्मग्रंथ, संतवाङ्मय, शास्त्रग्रंथ यांच्या नकला बाळबोध लिपीत सावकाश, एकेक अक्षर सुटे मांडून केल्या जात. वाचणारा पोथी समोर ठेवून मोठ्याने वाचणार, ऐकणारे पुढ्यात बसणार. अक्षर मोठे, ठसठशीत आणि सुंदर हवे. लिहिणाऱ्याला घाई नव्हती.

९/
राज्यकारभाराच्या कागदाला मात्र घाई होती. आज्ञापत्रे, महजर, हिशेब आणि खाजगी पत्रे मोडीत लिहिली गेली. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतात आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरे तिला लटकवत जातात. मोडीही बोरूचीच, त्यामुळे तिच्यातही जाडीचा फरक पडतो. पण तिचे सौंदर्य लपेटीत आणि वेगात आहे. तलवारीच्या टोकाशी तिचा काही संबंध नाही.

१०/
उरली नाणी आणि शिलालेख. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. तांब्याच्या लहान चकतीवर ठोकलेली ही अक्षरे जवळजवळ एकाच जाडीची, ओबडधोबड आणि ठाम आहेत. रायगडावरच्या जगदीश्वर मंदिरातील शिलालेख पाहिला तरी दगडाने अक्षरावर घातलेली शिस्त दिसते. टाकीला केसासारखी रेघ परवडत नाही, कारण तेवढा दगड टिकत नाही.

११/
म्हणजे शिवकालाची दृश्य अक्षरे किमान तीन घरांत राहत होती: कागदावर मोडी, धातूवर आणि दगडावर सपाट देवनागरी, पोथीत जाड-बारीक बाळबोध. तिन्हींची कामे वेगळी, म्हणून रूपे वेगळी. आजच्या पोस्टरावरचे ‘शिवकालीन’ अक्षर या तिन्हींपैकी कशाचेच नाही. पोथीचा जाड-बारीकपणा घेऊन त्याला शस्त्राचे टोक जोडलेला तो एक नवा प्रकार आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो नवा आहे, एवढेच म्हणतो.

१२/
छापील अक्षराची गोष्ट याच काळात, पण दुसऱ्या किनाऱ्यावर सुरू होते. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या मागणीवरून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इंग्लंडहून मुंबईत आला. एतद्देशीय लिपीचे खिळे पाडण्याचा त्या वेळचा प्रयत्न मात्र तडीस गेला नाही. खिळे पाडणे म्हणजे पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरणे, तो तांब्यात ठोकून साचा करणे आणि साच्यात शिसे ओतणे. हे कसब मुद्रकाचे नसते, कोरीव काम करणाऱ्याचे असते.

१३/
पुण्यातही प्रयत्न झाला. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणविसांच्या आश्रयाने एका तांबट कारागिराने गीता छापण्यासाठी तांब्यावर अक्षरे कोरण्यास सुरुवात केली. १८०० मध्ये नाना वारले, काम अडले. पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती गीता छापली गेली. त्याच वर्षी श्रीरामपूरहून विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत आले, आणि १८१० मध्ये त्याचा मराठी कोश आला तो मोडी खिळ्यांत. मराठी कोणत्या लिपीत छापावी, हा प्रश्न तेव्हा अजून मिटलेला नव्हता.

१४/
तो मिटला मुंबईत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे लहान आणि सुबक खिळे पाडले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही तयार केले. अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात पोरवयात कामाला लागलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांचा कोरणारा हात होता.

१५/
निर्णयसागरने काय साधले ते समजून घेण्यासारखे आहे. पोथीचा जाड-बारीकपणा शिशात जसाच्या तसा उतरत नाही. बारीक रेघ दाबाखाली मोडते किंवा शाईने बुजते, आणि अक्षर लहान केले तर नाहीशीच होते. म्हणून कोरणाऱ्याला तडजोड करावी लागते: बारीक रेघ थोडी भरायची, गाठ थोडी मोकळी करायची, जाड रेघेचा तोरा थोडा उतरवायचा. ही तडजोड इतकी समतोल झाली की काव्यमालेसारख्या संस्कृत ग्रंथमालांमुळे निर्णयसागरचे अक्षर देशभरच्या पंडितांच्या हाती गेले.

१६/
याच मुंबई वळणाचा पुढचा विजय आपण सहसा लक्षात घेत नाही. उत्तरेकडे अ, झ, ण यांची वेगळी रूपे चालत. जुनी हिंदी पुस्तके उघडली तर ती दिसतात. आज हिंदीने प्रमाण मानलेली या अक्षरांची रूपे मुंबईकडची आहेत. भाषेच्या राजकारणावर आपण तासन्‌तास वाद घालतो, पण मुंबईतल्या कारागिरांनी हाताने कोरलेली वळणे साऱ्या हिंदी पट्ट्यात रोज वाचली जातात, हे शालेय पुस्तकात कुठे आढळत नाही.

१७/
आता पाटीकडे परत येऊ. ‘पारंपरिक मराठी अक्षर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे येते, ते बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या ओतशाळेत घडलेले असते. ते शिवकालीन नाही, म्हणून कमी अस्सल ठरत नाही. गडाच्या बुरुजाइतकाच तोही आपला वारसा आहे. अडचण एवढीच की बुरुजाला भेट देणारे हजारो आहेत आणि पंच कोरणाऱ्या आरूंचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते.

१८/
तलवारीच्या टोकाचे अक्षर मग आले कुठून? माझ्या मते ते नाटका-चित्रपटांच्या जाहिरातींतून, कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरून आणि पेंटरांच्या हातून आले. नाटकाचे शीर्षक हे अर्धे चित्र असते, त्याने नाटकाचा भाव एका नजरेत सांगायचा असतो. कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांच्यासारख्या अक्षरकारांनी हे काम कलेच्या उंचीवर नेले. प्रत्येक नाटकाला त्याचे स्वतःचे अक्षर मिळाले. ऐतिहासिक नाटकाच्या शीर्षकात पात्याची धार आली तर ती तिथे योग्यच होती.

१९/
फरक पडला तो संगणकाने. एका कलावंताने एका शीर्षकासाठी काढलेले वळण फॉन्ट झाले की ते कुणालाही, कशासाठीही फुकट मिळते. शीर्षकासाठीचे अक्षर परिच्छेदाला लावले जाते. नाटकाचा आविर्भाव माहितीफलकावर येतो. गडाचा इतिहास, मिसळीचा दर आणि ‘पोहण्यास सक्त मनाई’ ही सूचना, तिन्ही एकाच आवेशात ओरडू लागतात. त्या सूचनेवर तरी माणसाचा जीव अवलंबून असतो.

२०/
दुसऱ्या टोकाला याच्या उलट घडते. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल हा फॉन्ट कचेऱ्या-कचेऱ्यांत पोहोचला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, निनाद काळे यांनी ज्याची देवनागरी केली तो पॉपिन्स, असे चांगले फॉन्ट नंतर आले. ते मुख्यतः एकसारख्या जाडीचे आहेत, कारण मोबाइलच्या लहान पडद्यावर बारीक रेघ हरवते. हा निर्णय शहाणपणाचाच होता. मोठ्या मथळ्यासाठी जाड-बारीक देवनागरी हवी असेल तर रोझा वनसारखे पर्याय आहेत, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

२१/
ही उणीव पाट्यांवर उघडी पडते. राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी नाव अन्य लिपीपेक्षा लहान नसावे असे बंधन घातले. नियम योग्यच आहे. पण पानशेतच्या वाटेवर काय दिसते? इंग्रजी नाव ऑप्टिमाच्या जातीच्या नाजूक, महागड्या अक्षरात आणि त्याच्या बाजूला तेच नाव संगणकात जो फॉन्ट सापडला त्यात, ताणून रुंद केलेले. आकार कायद्याने सारखा झाला, मान सारखा झाला नाही. सेरिफ नसलेले जाड-बारीक अक्षर ज्या लिपीचे पिढीजात वळण, तिनेच इथे उसने कपडे घालून उभे राहायचे.

२२/
त्यात ल आणि श यांचे दुखणे वेगळेच. मराठीतला पाकळीचा ल आणि मराठी धाटणीचा श ही आपली वळणे. २००९ च्या शासन निर्णयाने ती मराठीसाठी प्रमाण ठरवली. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदीच्या ल साठी संकेतांक एकच आहे, रूप ठरवतो तो फॉन्ट. पुष्कळ फॉन्टांत मराठी वळण असते, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच ते बाहेर येते. ती एक खूण करायला कुणी सांगितलेले नसते आणि मग सिंहगडाच्या पायथ्याशी ‘शिवकाल’ लिहिताना श आणि ल दोन्ही परमुलखातले येतात.

२३/
आता पानशेतच का, ते सांगतो. हा मुलूख तोरणा-राजगडाचा, वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड आहे. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. नाव सतराव्या शतकाचे, पण जलाशय विसाव्या शतकाचा. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे, बांधकाम चालू असलेले हे मातीचे धरण फुटले, लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याच्या मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या जुन्या घरांतून ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना आजही ऐकू येते.

२४/
समजा, उद्या या जलाशयाच्या काठावर १९६१ ची हकिकत सांगणारा फलक लावायचा ठरला. त्याचे अक्षर कोणते असावे? जलाशयाचे नाव तानाजीसागर म्हणून तलवारीचे टोक असलेले अक्षर घ्यायचे का? मग घडलेला अपघात, धरणाचे बांधकाम, विस्थापितांची गावे आणि बुडालेल्या पेठा हे सारे एका वीरगाथेच्या पोशाखात शिरेल. वाचणाऱ्याचा हात नकळत मुजऱ्याकडे जाईल. जिथे प्रश्न विचारायला हवेत, तिथे अक्षरच त्याला प्रश्नापासून दूर नेईल.

२५/
माझा कौल असा. १९६१ मध्ये मराठी वृत्तपत्रे शिशाचे खिळे जुळवून छापली जात. जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ बांधीत असे. पुराची बातमी त्या काळच्या मराठी वाचकाने त्याच अक्षरात वाचली. तेव्हा फलकाचा मथळा निर्णयसागरच्या घराण्यातल्या संयत जाड-बारीक अक्षरात असावा आणि खालचा मजकूर साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरात. मथळ्याला काळाची ओळख राहील आणि मजकूर दहा पावलांवरून वाचता येईल.

२६/
यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: लोकांना वाचता आले म्हणजे झाले, एवढी चिकित्सा कशाला? पण लोक अक्षर वाचण्याआधी पाहतात. लग्नपत्रिका आणि न्यायालयाची नोटीस आपण शब्द वाचण्यापूर्वीच वेगळी ओळखतो. काळाची जाणीवही अशीच पाहून तयार होते. चौथीतल्या मुलाने दहा पाट्यांवर एकच अक्षर पाहिले, तर त्याच्या मनात तोरण्याचा, पेशवाईचा आणि १९६१ चा भूतकाळ एकच होतो. ते गाठोडे पुढे सोडवायला फार वर्षे लागतात.

२७/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याच आवेशपूर्ण अक्षराने हजारो तरुणांना गडांकडे आणले, मग त्याला नावे का ठेवायची? मला हे मान्य आहे. माझ्या वयाच्या कितीतरी जणांची इतिहासाची गोडी पोस्टरापासूनच सुरू झाली. म्हणूनच मी पोस्टर काढून टाका असे म्हणत नाही. मोहिमेच्या पोस्टरावर, टी-शर्टवर, ढोलपथकाच्या ध्वजावर ते अक्षर राहू द्या. माहितीफलक, पुस्तकाचा परिच्छेद आणि संदर्भ देणारी पोस्ट यांतून मात्र ते बाहेर ठेवा. उत्साहाला एक अक्षर आणि पुराव्याला दुसरे, एवढी शिस्त आपल्याला जमण्यासारखी आहे.

२८/
जे इतिहासाच्या पोस्ट किंवा फलक करतात, त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी. जाड-बारीक अक्षर मोठ्या आकारातच वापरा, तीन-चार शब्दांपुरते. दगडावर किंवा पत्र्यावर बारीक रेघ किमान इतकी ठेवा की सह्याद्रीचे चार पावसाळे, शेवाळ आणि गंज यांतून ती उरेल. अक्षर कधीही ताणू नका; रुंद हवे तर रुंद काढलेला फॉन्ट शोधा. आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ल आणि श घरी परततील.

२९/
अक्षरकारांकडेही एक मागणी आहे. रोमनमध्ये सेरिफरहित जाड-बारीक टाइप आज डझनांनी आहेत, मराठीसाठी तसे घराणे कुणीतरी बांधायला हवे. त्याचा आधार रोमन अक्षर असू नये, कारण त्याचा कल उलटा आहे. आधारासाठी संग्रहांतल्या बाळबोध पोथ्या आहेत, निर्णयसागरची पुस्तके आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्या पोथ्यांची स्वच्छ छायाचित्रे आणि काळाच्या नोंदी पुरवाव्यात. हे काम दोघांनी मिळून करण्याचे आहे.

३०/
आणि वाचकांसाठी एक काम. पुढच्या वेळी पानशेत, वेल्हे, भोर या भागात गडाला जाल तेव्हा शिखरावरच्या छायाचित्राबरोबर एक छायाचित्र वाटेवरच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या पाटीचे घ्या: शाळेची, ग्रामपंचायतीची, बंद पडलेल्या किराणा दुकानाची. गाव आणि तारीख लिहून या थ्रेडखाली टाका. पेंटरांनी सपाट कुंचल्याने काढलेली ती अक्षरे छापील पत्र्यांखाली झपाट्याने झाकली जात आहेत. वर्षभरात शंभर पाट्या जमल्या तरी या मुलखाने विसाव्या शतकात स्वतःचे नाव कसे लिहिले, हे दाखवायला पुरेसे साधन हाती येईल.